रिकाम्या तळहाताची पूजा

सोनपेठच्या बाजारात फुटाण्यांची दुकानं तीन-चार होती, पण गाव चन्नबसम्माच्याच दुकानावर लोटायचं. लोक विचारायचे, अक्का, काय करता ओ असं? तर ती म्हणायची, "काय न्हाई. वाळू तापल्याबिगर दाणा टाकायचा न्हाई, अन् गिऱ्हाइकासमोर तोंड वाकडं करायचं न्हाई." यातलं पहिलं ती काटेकोर पाळायची. दुसऱ्याबद्दल गावाचं मत जरा वेगळं होतं.

भट्टी मुळात तिच्या नवऱ्याची, सिद्धलिंगची. तो भट्टीवर, ती तराजूवर, असा दोघांचा संसार. सिद्धलिंग अबोल माणूस, पण हाताला चव. सत्त्याहत्तरच्या उन्हाळ्यात त्याला भट्टीतून आवाज यायला लागले. जाळ आपल्याला नाव घेऊन बोलावतो, असं तो सांगायचा. आधी सगळे हसले. मग तो भट्टीपुढे बसून जाळाला उत्तरं द्यायला लागला, रात्र रात्र झोपेना, अंगावर धावून यायला लागला, तेव्हा हसणं बंद झालं. गंडेदोरे झाले, अंगारे झाले, कुणी सांगितलं त्या देवस्थानी खांबाला बांधून ठेवून झालं. शेवटी थोरला भाऊ सांबप्पा याने त्याच्या पायात बैलाची साखळी घातली आणि दुकानामागच्या खोलीत डांबलं. सांबप्पा दुष्ट नव्हता. त्याला दुसरं काही माहीतच नव्हतं, आणि माहीत असलेलं सांगायला गावात डॉक्टर नव्हता.

अठ्ठ्याहत्तरच्या श्रावणात सिद्धलिंग साखळी सोडवून पळाला. ते दिवस नामांतराच्या दंगलीचे. मराठवाड्यात गावोगावी दलितांच्या वस्त्या जळत होत्या आणि जिकडे तिकडे पोलिसांचा बंदोबस्त. अशात परभणीच्या ठेसनाबाहेर एक माणूस उघड्या अंगाने "जाळ विझवा, जाळ विझवा" असा ओरडत फिरताना सापडला. खरं म्हणजे त्या दिवसांत सगळ्या जिल्ह्यात शहाण्यासारखं बोलणारा तोच एकटा होता, पण पकडलं त्याला. त्या काळी कायदा इंग्रजांच्या वेळचाच चालू होता: वेडा मोकळा फिरताना दिसला की पोलिसांनी धरायचा, कोर्टापुढे उभा करायचा, कोर्टाने वेड्यांच्या इस्पितळात पाठवायचा. सिद्धलिंगला तसंच कुठल्या तरी लांबच्या शहरातल्या इस्पितळात पाठवलं. घरी निरोप आला तेव्हा सांबप्पाने सुटकेचा श्वास सोडला, हे चन्नबसम्माने पाहिलं. तिलाही जरा सुटल्यासारखं वाटलं होतं, म्हणून ती दिराला काही बोलली नाही.

दिवाळी उलटल्यावर एक पोलीस जमादार दुकानापुढे आला. हातात गाठोडं. "तुमच्या माणसाचं सामान हाय, घ्या," म्हणाला.

गाठोड्यात एक धोतर होतं आणि चांदीची एक छोटी डबी, काळ्या दोऱ्यासकट.

ही डबी काय, ते लिंगायताच्या घरात लहान पोरालाही सांगावं लागत नाही. मूल जन्मलं की जंगमस्वामी येतात आणि त्याला इष्टलिंग बांधतात. मग ते अंगावरून उतरत नाही. रोज अंघोळ झाली की डबीतून काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी घालायचं, विभूती लावायची, बेलाचं पान वाहायचं, आणि मगच तोंडात घास. माणूस गेला की ते त्याच्याच हातात ठेवून त्याच्यासोबत समाधीत पुरायचं. म्हणजे लिंग अंगावर तोवर माणूस. नुसतं लिंगच घरी परत आलं, तर दुसरा अर्थ काय निघणार?

"आमचे मालक कसे हायत?" चन्नबसम्माने तरी विचारलं.

"मला काय मालूम, बाई. ह्या ठाण्यातून त्या ठाण्यात असं फिरत फिरत माझ्याकडं आलंय. द्या म्हणले, दिलं." असं म्हणून जमादाराने मूठभर फुटाणे उचलले आणि तो चालता झाला.

तो गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत सिद्धलिंगच्या आईने, मल्लम्माने, हंबरडा फोडला. स्वामी आले. देह नव्हता, तेव्हा समाधी कसली? नुसती पूजा झाली, आणि पुढे रीतीप्रमाणे गणाराधना. जंगमांना जेवण, गावाला जेवण. सांबप्पाने हात आखडता घेतला नाही, बुंदी केली. शेजारचा आश्रुबा दोन वेळा वाढून घेऊन म्हणाला, "बिचारा सिद्धलिंग. लय ग्वाड माणूस."

उरलं ते लिंग. स्वामी म्हणाले, देह नाही तर गंगेत सोडा. गोदावरीला इकडे सगळे गंगाच म्हणतात. सोडायला बायकोनेच जावं असं ठरलं.

चन्नबसम्मा गंगेवर गेली. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहिली. डबी मुठीत धरली. तिच्या मनात काय आलं ते तिला पुढे कधी नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हणायची, "मूठ उघडंना." ओल्या लुगड्याने ती घरी आली, डबी कमरेला खोचलेली, आणि सासूने विचारलं, "सोडलंस का?" तर म्हणाली, "सोडलं."

असं ते खोटं तिच्या तोंडून गेलं, आणि गेलं ते गेलंच.

तिने कुंकू पुसलं. कपाळावर विभूतीचे पट्टे होतेच, त्यामुळे तिला आरशात फार वेगळं दिसलं नाही. रोज पहाटे दुकानात येऊन, फळी लावून घेऊन, ती आधी स्वतःच्या लिंगाची पूजा करायची आणि मग कमरेची डबी उघडून दुसऱ्याची. नवरा मेला असं तिला वाटायचं का? तर हो, वाटायचं. मग पूजा कुणासाठी? हे तिने स्वतःला विचारलं नाही. इस्पितळात जाऊन चौकशी करावी, असं दर वर्षी मनात यायचं आणि दर वर्षी ती ते ढकलायची. विचारायला गेलं की उत्तर मिळतं. ते उत्तर तिला नको होतं.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. भट्टी आता तीच चालवायची. सांबप्पाची पोर लग्नाची झाली, सेलूच्या एका व्यापारी घराण्यात सोयरीक ठरली. मल्लम्माच्या डोळ्यांत फुलं पडली, तिला माणसाची नुसती सावली दिसायची.

अठ्ठ्याऐंशीच्या शिवरात्रीनंतरची गोष्ट. बाजाराचा दिवस नव्हता म्हणून दुकानात गर्दी नव्हती. खांद्याला शबनम पिशवी लावलेला, चष्मेवाला एक माणूस येऊन उभा राहिला. म्हणाला, "मी दिनकरराव. इस्पितळातून आलोय. तिथे समाजसेवक आहे. सिद्धलिंग अप्पांचं घर हेच ना?"

"व्हतं," चन्नबसम्मा म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हंजे ते वारले."

दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बाई, परवा सकाळी मी त्यांच्याशी बोललोय. त्यांनीच सांगितलं, माझी बायको फुटाणे विकते. ते बरे आहेत. चांगले दोन-तीन वर्षांपासून बरे आहेत. घरचं कुणी न्यायला का येत नाही, तेच विचारायला आलोय."

चन्नबसम्माच्या हातातलं मापटं खाली पडलं आणि फुटाणे दुकानभर झाले. असल्या वेळी बाया रडतात म्हणे. ती रडली नाही, भडकली. "धा वर्सं! धा वर्सं कुठं व्हते तुमी? तुमीच धाडलं की त्येंचं लिंग! आमी जेवण घातलं गावाला!"

दिनकररावांना काही कळेना. तिने त्यांना खाली बसवलं, पाणी दिलं आणि धडाधडा सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्या माणसाचा चेहरा उतरत गेला.

"आमच्याकडे जुना नियम होता," ते म्हणाले. "गळ्यात दोरा, साखळी, ताईत, काही ठेवायचं नाही. एखादा गळफास लावून घेईल म्हणून. चांदीची वस्तू चोरीला जाऊ नये म्हणून ती आणणाऱ्या पोलिसांकडेच परत दिली. बस, एवढंच झालं."

एवढंच झालं! चन्नबसम्माला हसावं की त्यांच्या अंगावर कढईतली वाळू ओतावी, कळेना.

पुढचं ऐकून मात्र तिचा राग विरघळला. लिंग काढून घेतल्यावर सिद्धलिंगने जेवण सोडलं होतं. पूजेविना घास कसा घ्यायचा? तिथल्या लोकांनी ते वेडाचं लक्षण धरलं आणि नाकातून नळी घालून दूध पाजलं. औषधाने आवाज हळूहळू थांबले. मग त्याने स्वतःच एक तोड काढली. रोज सकाळी अंघोळ करून बसायचा, डावा तळहात छातीपुढे धरायचा, त्या रिकाम्या तळहातावर पाणी घालायचा, डोळे मिटायचा, आणि मग थाळीपुढे जायचा. डॉक्टर फेरीला आले की पाहायचे: हा अजून हातात नसलेली वस्तू बघतोय. म्हणजे बरा नाही. राहू दे अजून. वर्षामागून वर्ष, राहू दे अजून.

"अन् कुणी विचारलं न्हाई, बाबा काय करायलास म्हणून?"

"नाही विचारलं," दिनकरराव म्हणाले. "शंभर रोग्यांमागे एक डॉक्टर, बाई. आता कुठे जरा वारं बदललंय. दिल्लीत नवा कायदा मंजूर झालाय. लागू व्हायला वेळ लागेल, पण आमच्या नव्या मोठ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, माणसाशी बोलायला कायद्याची वाट कशाला बघायची? कोठड्यांची कुलपं काढली. आम्हा समाजसेवकांना नेमलं. सांगितलं, एकेकाशी बसून बोला. मी तुमच्या नवऱ्याला विचारलं, अप्पा, काय करता? तर म्हणाले, 'पूजा करायलोय. लिंग तुमी घेतलंत, हात तर माझ्याकडंच हाय की.'"

तेव्हा मात्र चन्नबसम्मा रडली. पदर तोंडात कोंबून रडली, आणि बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक फुटाणे न घेताच निघून गेलं.

घरी हे सांगितल्यावर आनंदीआनंद व्हायला हवा होता. पण माणसाचं मन सरळ असतं तर काय पाहिजे होतं! सांबप्पा आधी मटकन खाली बसला, डोळे पुसले, आणि पुसून झाल्यावर त्याला सगळं एकदम आठवलं. "गावानं जेवण जेवलंय त्याचं. आता काय सांगू, परत आला म्हणून? सेलूचे पावणे काय म्हणतील? चुलता येडा, वरून मेलेला, वरून जित्ता झालेला! पोरीचं लगीन मोडायचं हाय का तुला?"

"मोडलं तर मोडलं," चन्नबसम्मा म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता. त्या पोरीला तिनेच अंगाखांद्यावर खेळवलं होतं.

खरा अडसर सांबप्पा नव्हता. तो आईच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि मल्लम्मा भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"माझा लेक तवाच ग्येला," ती म्हणाली. "लिंग गंगंत ग्येलं, त्यासंगं ग्येला. एकदा रडले, आता परत न्हाई रडायची. तिथं जो कोण असंल तो असंल. लिंगाबिगरच्या माणसाला मी ह्या उंबऱ्याच्या आत घेणार न्हाई."

डबी चन्नबसम्माच्या कमरेलाच होती. काढून पुढे ठेवावी असं हजारदा वाटलं. पण सासूला गंगेच्या नावाने खोटं सांगितलेलं, दहा वर्षं निभावलेलं, ते आता कोणत्या तोंडाने सांगायचं? जीभच उचलेना. ती उठली आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या यष्टीने परभणीला आणि तिथून आगगाडीने निघाली. एकटी. जन्मात गंगाखेडच्या पुढे न गेलेली बाई.

इस्पितळ तिने मनात काळंकुट्ट रंगवलं होतं. भिंती उंच होत्या खऱ्या, पण आत गेल्यावर दिसलं ते अंगण. कुणी सतरंजी विणत होतं, कुणी वाफ्यात पाणी देत होतं. कडेला एक रिकामी कोठडी होती, दार सताड उघडं, आत झाडू आणि बादल्या ठेवलेल्या. ते पाहून तिला का कोण जाणे फार बरं वाटलं.

सिद्धलिंग वांग्याच्या वाफ्याजवळ होता. केस पांढरे झालेले, अंगाने वाळलेला. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. खोटं दिसणं, खोटं ऐकू येणं यातून तो गेलेला. डोळ्यांवर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हे तो शिकला होता. शेजारी उभ्या दिनकररावांना त्याने हळूच विचारलं, "तुमाला बी दिसायलीय का?"

"दिसतेय, अप्पा," दिनकरराव म्हणाले.

चन्नबसम्माने कमरेची डबी काढली. रोज घासून चांदी लखलखत होती. सिद्धलिंगने ती पाहिली आणि तो सरळ नळाकडे गेला. हात-पाय धुतले. येऊन मातीवरच मांडी घातली आणि डावा तळहात छातीपुढे धरला, रोज धरायचा तसाच. तिने डबी उघडून लिंग त्यावर ठेवलं.

त्याची बोटं मिटली. "पाणी आण," तो म्हणाला.

तिने तांब्या आणला. वाफ्यातली माणसं हातातली कामं टाकून भोवती उभी राहिली. पूजा झाली. सिद्धलिंगने डबी गळ्यात घातली, तेव्हा एक जुना वॉर्डबॉय सवयीने पुढे झाला, "गळ्यात दोरा चालत नाही." मोठ्या डॉक्टरीणबाई मागेच होत्या. म्हणाल्या, "त्यांना चालतो."

सुटीची कागदपत्रं होईपर्यंत चन्नबसम्मा अंगणात बसून होती. तेवढ्यात आपल्या मुलखाची बोली ऐकून एक म्हातारा जवळ आला, एक बाई आली, मग आणखी कुणी. कुणी पाथरीकडचं, कुणी जिंतूरकडचं. सगळ्यांचं एकच म्हणणं: आमच्या घरी सांगा, आमी बरे हाव. तिने सगळी नावं-गावं तोंडपाठ केली. तिच्या दुकानावर बाजाराच्या दिवशी सगळा मुलूख यायचा. पुढे वर्षानुवर्षं फुटाण्यांच्या पुड्यांसोबत हे निरोप तिने गावोगाव धाडले. त्यातली काही माणसं घरी आली. काही दारं उघडलीच नाहीत, आणि त्या घरच्यांना ती शेवटपर्यंत माप कमी घालायची.

परतीच्या गाडीत सिद्धलिंग बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग तिच्या कपाळाकडे बघून म्हणाला, "कुंकू कुठाय?"

"तुमीच मेला व्हता," ती म्हणाली. "गावाला जेवण झालं तुमचं."

"काय केलं व्हतं?"

"बुंदी."

"मला ठिवली का?"

आणि तो हसला. दहा वर्षांत पहिल्यांदा. समोरच्या बाकावरचा माणूस दचकून बघायला लागला. "बघू द्या," चन्नबसम्मा म्हणाली आणि तीही हसत सुटली. पण गाडीने परभणी गाठली, यष्टी सोनपेठच्या रस्त्याला लागली, तसं तिचं हसू मावळत गेलं. गोळ्यांची पुडी पिशवीत होती, नवरा शेजारी होता. पुढे उंबरा होता आणि उंबऱ्यात सासू.

दुपार कलली होती. मल्लम्मा ओट्यावर बसलेली. सांबप्पा दारात उभा, भावाकडे बघतोय, पुढे यावं की नाही ते कळत नाही असा. गल्ली जमली होती. आश्रुबा सगळ्यांत पुढे. बुंदी पचलेली असली तरी तोंड उतरलेलं.

"माय," सिद्धलिंग म्हणाला. "मी."

आवाज ओळखून म्हातारीने मान वर केली, पण लगेच तोंड फिरवलं. "सांगितलंय मी. लिंगाबिगर न्हाई."

चन्नबसम्मा ओट्यावर चढली. सासूचा हात धरला आणि सरळ सिद्धलिंगच्या सदऱ्याच्या आत, छातीवर नेऊन ठेवला. म्हातारीची बोटं आधी ताठ राहिली. मग डबीवरून फिरली. कडेला थांबली. तिथे चांदीला दोन बारीक पोचे होते. सिद्धलिंगला पहिले दात आले तेव्हा त्याने डबी चावून चावून पाडलेले. त्यावरून तिने त्याला चापट मारली होती आणि मग दिवसभर मांडीवर घेऊन बसली होती. मल्लम्माचा अंगठा त्या पोच्यांवरून एकदा गेला, परत गेला, परत गेला.

"सोडलं म्हणलीस ना गं तू?"

"खोटं बोलले, आत्याबाई."

म्हातारीने लेकाच्या छातीवरचा हात काढला नाही. दुसऱ्या हाताने चाचपडत सुनेचं मनगट धरलं, घट्ट, दुखेल इतकं.

"सांबा," ती म्हणाली, "उभा काय ऱ्हायलास झाडावानी? लिंग आंगावर हाय त्याच्या. आत जा, पाट मांड. माझा लेक धा वर्सांचा उपाशी हाय."

सांबप्पा पाट मांडायला आत गेला.